एरिया कोडचा एवढा अभिमान? (अटलांटाचा ४०४ आणि बाकी शहरं)

अल्फारेटाकर
मंडळी, एक हलकाफुलका विषय. धाकट्याला नववीत गेल्यावर फोन द्यायचा असं कबूल केलं होतं, त्याप्रमाणे शनिवारी दुकानात गेलो, हँडसेट ठरला, प्लॅन ठरला, आणि शेवटी काउंटरवरच्या मुलीने विचारलं नंबर ४७० मधला देऊ की ९४३ मधला, म्हणजे एरिया कोड, अमेरिकेतल्या फोन नंबरचे भागाप्रमाणे ठरलेले पहिले तीन आकडे. झालं. चिरंजीव तिथेच हटून बसले, ४०४ पाहिजे म्हणे, नाहीतर फोन नको. फोन नको! हे वाक्य त्याच्या तोंडून कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. बरं आम्ही राहतो अल्फारेटाला, अटलांटा शहरापासून चांगलं लांब, माझा नंबर ६७८, बायकोचा ७७०, आमच्या अख्ख्या गल्लीत ४०४ कुणाचा असेल असं वाटत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९५ पर्यंत अटलांटा आणि आजूबाजूच्या सगळ्या भागाला ४०४ होता. मग नंबर कमी पडायला लागले आणि शहराभोवती जो आय-२८५ चा रिंगरोड आहे, ज्याला इथे पेरिमिटर म्हणतात, साधारण त्याच्या आतल्यांकडे ४०४ राहिला नि बाहेरच्यांना ७७० मिळाला. तेव्हापासून आतले ते खरे अटलांटाचे, बाहेरचे आपले मॉल आणि चांगल्या शाळावाले, असा हिशेब आहे. १९९८ चा ६७८ दोन्हीकडे वाटला त्यामुळे त्यावरून काही कळत नाही, आणि ४७० नि ९४३ ला तर कोणी हिंगलत नाही. दर ४ एप्रिलला इथे ४०४ डे असतो, टी-शर्ट काय, टोप्या काय, गाण्याचे कार्यक्रम काय.

तर प्रश्न दोन. हे खूळ फक्त अटलांटात आहे का सगळीकडे? आणि ४०४ मिळवायचा काही मार्ग आहे का, कारण घरात अजून अबोला चालू आहे.

कोल्हापुरी_कोलंबसात
यात न कळण्यासारखं काय आहे भावा. एमएच ०९ ची गाडी पुण्यात दिसली की आपण हॉर्न मारतो की नाही? तसंच हे. आमच्याकडे कोलंबसला १४ जूनला ६१४ डे असतो, इकडे महिना आधी लिहितात म्हणून ६/१४. मेम्फिसचा ९०१ म्हणून १ सप्टेंबर, मिलवॉकीचा ४१४ म्हणून १४ एप्रिल. सेंट लुइसचा ३१४, त्यांचा दिवस नेमका पाय डेलाच (३.१४) येतो, गणितवाले आणि गाववाले एकदमच नाचतात.

रानमेवा
गाडीची प्लेट आणि फोनचा कोड यात फरक आहे हो. गाडी विकली की प्लेट गेली. फोन नंबर माणूस घर बदलेल, नोकरी बदलेल, नवरा बदलेल पण सोडत नाही.

तारयंत्र
माझी सगळी नोकरी टेलिकॉममध्ये गेली त्यामुळे राहवत नाहीये, थोडं लांबेल.

१९४७ साली एटीअँडटीने, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या टेलिफोन कंपनीने, अमेरिका आणि कॅनडाचे मिळून ८६ भाग पाडले आणि प्रत्येकाला तीन आकडी कोड दिला. तेव्हा गिऱ्हाइकाने स्वतः तो फिरवायचा नव्हताच, लांबचा कॉल ऑपरेटर जोडून द्यायची, कोड तिच्या सोयीसाठी. ज्या राज्याला एकच कोड त्याच्या मधोमध शून्य, ज्या राज्याचे तुकडे केले तिथे मधोमध एक. म्हणून जॉर्जिया अख्खं ४०४, फ्लोरिडा अख्खं ३०५, न्यू जर्सी २०१, वॉशिंग्टन राज्य २०६, आणि न्यूयॉर्क शहर २१२, शिकागो ३१२, लॉस एंजेलिस २१३, डेट्रॉइट ३१३. म्हणजे अल्फारेटाकर, तुमच्या चिरंजीवांना सांगा की ४०४ हा मुळात अटलांटाचा नव्हताच, सगळ्या जॉर्जियाचा होता, शेतातल्या भुईमुगासकट.

आता यातली खरी गंमत. जुन्या डायलच्या फोनवर आकडा फिरवला की तेवढे ठोके लाइनवर जायचे, सेकंदाला दहाच्या वेगाने. एकाचा एक ठोका, नऊचे नऊ, आणि शून्याचे दहा. २१२ चे झाले पाच, त्या साच्यात याहून कमी होतच नाहीत. ३१२ आणि २१३ चे सहा. आणि १९५७ मध्ये अलास्काला ९०७ आणि हवाईला ८०८ दिला, करा बेरीज, दोघांचे सव्वीस-सव्वीस. जिथे फोन जास्त तिथे लहान आकडे, एवढं साधं गणित. आज २१२ चा जो रुबाब आहे ना, तो यंत्राचा वेळ वाचवायला दिलेला आकडा आहे.

साध्या गिऱ्हाइकासारखा स्वतः एरिया कोड फिरवून केलेला पहिला कॉल १० नोव्हेंबर १९५१ चा, न्यू जर्सीतल्या एंगलवुडच्या महापौरांनी कॅलिफोर्नियात अलामेडाच्या महापौरांना लावला, अठरा सेकंदांत लागला. त्या काळात हा चमत्कार होता.

चुरमुरे
भुईमुगासकट :)))

क्वीन्सची_मावशी
तारयंत्र, छान लिहिलंय. आता २१२ चा विषय निघालाच आहे तर आमची जुनी जखम दाखवते.

१९८४ पर्यंत न्यूयॉर्कच्या पाचही बरोंना, म्हणजे शहराच्या पाचही विभागांना, २१२ होता. आम्ही तेव्हा क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला, ह्यांचं ट्रॅव्हल एजन्सीचं टीचभर ऑफिस होतं, पण पत्त्यात न्यूयॉर्क आणि फोनला २१२ त्यामुळे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला वाटायचं माणूस मॅनहॅटनमध्ये मोठ्या बिल्डिंगीत बसलाय. मग १ सप्टेंबर १९८४ ला ब्रुकलिन, क्वीन्स आणि स्टॅटन आयलंड उचलून ७१८ मध्ये टाकले. लेटरहेड नवे, कार्डं नवी, दाराच्या काचेवर नंबर रंगवलेला होता तो ह्यांनी ब्लेडने खरवडला आणि त्यावर ७१८ काढून घेतला, पण दुपारचं ऊन तिरकं पडलं की खालचा २१२ दिसायचाच. गिऱ्हाईक फोनवर विचारायचं, तुम्ही न्यूयॉर्क सोडलंत का? आम्ही जागचे हललो नव्हतो हो! आणि ब्रॉन्क्सवाले तेवढे २१२ मध्ये राहिले, ते काय हसायचे आम्हाला. १९९२ मध्ये त्यांनाही ७१८ मध्ये आणलं तेव्हा (देवा क्षमा कर) मला बरं वाटलं होतं.

पण पुढचं ऐका. माझी मुलं मोठी झाली तोवर हाच ७१८ क्वीन्स-ब्रुकलिनच्या पोरांच्या टोपीवर आला. आम्हाला जो हाकलून दिल्यासारखा वाटला तो ह्यांचा अभिमान. आणि १९९९ मध्ये ३४७ निघाला तेव्हा माझाच मुलगा म्हणाला, मैत्रिणीचा नंबर ३४७ आहे म्हणजे ती नवीनच आलेली असणार इथे. मी म्हटलं वा रे वा, घरात कोण आधी आलं ते विसरलास वाटतं.

चुरमुरे
थोडक्यात, आपल्यानंतर आला तो उपरा. लोकलच्या डब्यातला नियम.

रानमेवा
मावशी, काचेवरच्या २१२ ला सलाम. पण मग ९१७ काय प्रकार आहे? माझ्या ऑफिसात जे जे जुने न्यूयॉर्कर आहेत त्यांचा ९१७ असतो आणि तो सांगताना आवाज जरा बदलतो.

तारयंत्र
९१७ हा १९९२ मध्ये पाचही बरोंवर मिळून टाकला, मुख्यतः मोबाइल आणि पेजरसाठी. पुढे १९९५ मध्ये शिकागोकडे असाच फक्त मोबाइलवाल्यांसाठी वेगळा कोड काढायचा घाट घातला गेला तो एफसीसीने, म्हणजे टेलिफोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, हाणून पाडला, म्हणे ठरावीक सेवेला वेगळा कोड म्हणजे नव्या कंपन्यांवर अन्याय. त्यामुळे ९१७ तेवढा एकटा राहिला. त्याचा मान असा की तो मॅनहॅटन-क्वीन्स काही सांगत नाही, फक्त एवढंच सांगतो की ह्या माणसाकडे बरीच वर्षं सेलफोन आहे आणि तो न्यूयॉर्कचा आहे.

डाउनटाउन_देशपांडे
२१२ चा रीतसर बाजार आहे. नंबर विकणाऱ्या साइट आहेत, साध्या २१२ ला शेकडो डॉलर, शेवटी चार शून्यं असतील तर विचारू नका. दोन माणसांची कंपनी, ऑफिस नाही, लॅपटॉप घेऊन कॉफीच्या दुकानात बसतात, पण वेबसाइटवर नंबर २१२. मावशींच्या ह्यांनी जे नकळत केलं ते हे पैसे मोजून करतात.

@अल्फारेटाकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. लोकांनी सोडलेले नंबर काही काळाने परत वाटपात येतात, त्यामुळे एका दुकानात नाही म्हणाले तरी कंपनीच्या सपोर्टला फोन करून विचारा, तिथे जास्त यादी दिसते. नाहीच मिळाला तर विकत घेऊन पोर्ट करता येतो, म्हणजे तो नंबर आपल्या कंपनीकडे आणता येतो. फक्त एक, असा वापरलेला नंबर घेतला की आधीच्या मालकाच्या उधारीचे वसुलीवाले तुमच्या मुलाला फोन करणार. ही भानगड त्याला आधी सांगून ठेवा.

अल्फारेटाकर
धन्यवाद देशपांडे. वसुलीवाल्यांचं सांगितलं तर त्याला अजूनच भारी वाटेल असा अंदाज आहे.

फ्रीमाँटचा_फणस
बे एरियाची, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आजूबाजूच्या भागाची, गोष्ट थोडी वेगळी. एकेकाळी इथे सगळीकडे ४१५. १९५९ मध्ये सॅन होजेकडचा भाग ४०८ झाला, १९९१ मध्ये ओकलंड-बर्कली-फ्रीमाँट ५१०, आणि १९९७ मध्ये पालो आल्टोची बाजू ६५०. ४१५ उरला सॅन फ्रान्सिस्को आणि पुलापलीकडच्या मरीनला. ओकलंड कायम सॅन फ्रान्सिस्कोच्या सावलीत राहिलेलं गाव, त्याला ५१० मिळाल्यावर जणू स्वतःचं आडनाव मिळालं, कुठल्याही जत्रेत जा, ५१० लिहिलेले शर्ट दिसतात. पण ते ओकलंडवाल्यांचे. आम्ही फ्रीमाँटवाले पण ५१० च, आमच्यात एकालाही त्याचं सोयरसुतक नाही. आम्हाला विचाराल तर आमची ओळख शाळेचं रेटिंग.

माऊताई
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कोणीतरी.

चुरमुरे
मला विचाराल तर हा सगळा टी-शर्टवाल्यांचा आणि बिअरवाल्यांचा धंदा आहे. आकड्याला कसली आलीय संस्कृती. कंपनीने नंबर संपले म्हणून कोड दिला, दुकानदाराने तो छापला, तुम्ही तीस डॉलरला घेतला.

नोवाईकर
चुरमुरे, हे डेट्रॉइटला येऊन म्हणा.

मी नोवायला राहतो, म्हणजे डेट्रॉइटच्या वायव्येचं सबर्ब, आपली मंडळी इथे आणि ट्रॉयला भरपूर, पलीकडे कँटनला पण. १९९३ पर्यंत शहर आणि सबर्ब सगळे ३१३ होते. त्या वर्षी एट माइल रोडच्या उत्तरेचा भाग ८१० झाला, मग १९९७ मध्ये आमचा ओकलंड काउंटीचा भाग त्यातून फुटून २४८, आणि पश्चिमेचं कँटन, अॅन आर्बर ७३४. एट माइल हा नुसता रस्ता नाहीये. तो काउंटीची हद्द आहे आणि इथल्या काळ्या-गोऱ्या वस्तीची पण हद्द म्हणूनच ओळखला जातो. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. गोरे आधी गेले, मग ज्यांना परवडलं ते सगळेच गेले. आणि या सगळ्यावर टेलिफोन कंपनीने येऊन बरोब्बर त्याच रेघेवर अजून एक रेघ मारली. तिचा काही डाव नव्हता, एक्स्चेंजच्या हद्दी तिथेच होत्या. पण जे राहिले त्यांनी तो आकडा उचलला. ३१३ म्हणजे आम्ही गेलो नाही. १३ मार्चला शहरात जाऊन बघा, म्युझियमच्या दारापासून खानावळीच्या फळ्यापर्यंत सगळीकडे ३१३ असतो, आणि तो धंदा आहेच, पण नुसता धंदा नाही.

माझ्याकडे पण ३१३ चा एक स्वेटशर्ट आहे, ऑफिसात वाटले होते. तो घालून मी सबर्बात किराणा आणायला जातो, शहरात घालायचा धीर होत नाही. तिथला कोणी विचारेल, तुम्ही कुठले? मग काय सांगू, टू-फोर-एट?

रानमेवा
नोवाईकर, हे आवडलं. अटलांटाच्या पेरिमिटरचं पण असंच काहीसं असणार.

अल्फारेटाकर
असंच आहे. इथे रेघ रस्त्याने गोल मारलीय एवढंच. आणि ४०४ ची किंमत वाढवली ती इथल्या रॅपवाल्यांनी, नव्वदच्या दशकात. ज्यांना शहरातून कोणी बाहेर काढू शकत नव्हतं आणि घ्यायलाही कोणी तयार नव्हतं त्यांनी तो नंबर गाण्यात घातला आणि आता त्याच नंबरवर आमच्या चिरंजीवांचा अबोला.

चुरमुरे
बरं बाबा, अर्धा मुद्दा मागे घेतला. बिअरवाल्यांचा ठेवतो.

डाउनटाउन_देशपांडे
रॅपवाल्यांवरून, मायामीचा पिटबुल कित्येक वर्षं मिस्टर थ्री-ओ-फाइव म्हणून फिरत होता, मग प्रसिद्धी वाढली तसा मिस्टर वर्ल्डवाइड झाला. मोठं झालं की लोक एरिया कोड टाकतात ते असे.

इलिनॉयकर
शिकागोत उलटा प्रकार. १९८९ मध्ये सबर्ब ७०८ ला गेले ते समजू शकतो, पण १९९६ मध्ये शहराचेच दोन भाग केले, डाउनटाउनला ३१२ ठेवला आणि बाकीच्या सगळ्या शहराला ७७३. म्हणजे जिथे ऑफिसं त्यांना जुना मानाचा नंबर आणि जिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात त्यांना नवा. त्यामुळे आता पक्का शिकागोकर ७७३ चा असतो आणि ३१२ म्हणजे वकील नाहीतर कन्सल्टंट. मी नेपरविल, ६३०, त्यामुळे दोघांच्याही हिशेबात नाही.

कोल्हापुरी_कोलंबसात
पण मग हे नंबर संपले कसे एवढे? तेव्हा तर एवढे मोबाइल पण नव्हते. फॅक्स आणि पेजरमुळे म्हणतात ते खरं का?

तारयंत्र
फॅक्स-पेजरने भर घातली पण खरा खाऊ दुसऱ्यांनीच खाल्ला. एका एरिया कोडात पुढचे तीन आकडे धरून साधारण ७९२ एक्स्चेंज बसतात, प्रत्येकात दहा हजार नंबर, म्हणजे ७९ लाखांच्या आसपास. आता १९९६ च्या कायद्याने लोकल फोनचा धंदा सगळ्यांना मोकळा झाला, नव्या कंपन्या आल्या. तेव्हाची पद्धत अशी की कंपनीला ज्या गावात सेवा द्यायची तिथे दहा हजारांचा अख्खा गठ्ठा घ्यायचा, मग गिऱ्हाइकं दोनशे का असेनात. उरलेले नऊ हजार आठशे नंबर तसेच पडून. नंबर संपले नव्हते, कुलूप लावून ठेवले होते. नंतर हजार-हजारचे गठ्ठे द्यायला लागले तेव्हा कुठे आग आटोक्यात आली.

आणि मधल्या आकड्याचा नियम, तो ० किंवा १ च हवा हा, त्यानेही अडवलं होतं. तो जानेवारी १९९५ मध्ये सुटला, अलाबामाचा ३३४ आणि वॉशिंग्टनचा ३६० हे पहिले. म्हणून मधोमध ० किंवा १ असलेला कोड दिसला की जुनं घराणं असा एक समज आहे. तो पूर्ण खरा नाही, आमच्या मावशींचा ७१८ पण मधोमध १ वालाच, १९८४ चा.

नंतर स्प्लिट, म्हणजे एका कोडच्या हद्दीचे तुकडे करणं, बंद करून ओव्हरले सुरू झाले, म्हणजे जुन्या हद्दीवरच दुसरा कोड अंथरायचा. कुणाचा नंबर बदलत नाही, दुकानाची काच खरवडावी लागत नाही. भुर्दंड एवढाच की शेजारच्यालाही दहा आकडे फिरवायचे. लॉस एंजेलिसमध्ये तर २०१७ मध्ये २१३ आणि ३२३ च्या मधली रेघच पुसून टाकली.

माऊताई
म्हणजे ओव्हरलेने भांडणच मिटवलं म्हणा की, एकाच घरात चार कोड.

नोवाईकर
मिटवलं नाही, जागेवरून काळावर नेलं. स्प्लिटमध्ये कोड सांगायचा तुम्ही कुठे राहता, ओव्हरलेमध्ये सांगतो तुम्ही कधी आलात. आणि २००३ पासून नंबर कंपनी बदलली तरी बरोबर नेता यायला लागला, त्यामुळे आता तर तुम्ही पहिला फोन कुठे घेतलात तेवढंच कळतं.

ओक्लाहोमा_रिटर्न्ड
+१ नोवाईकर. मी तल्साला शिकायला आले, पहिला फोन तिथला, ९१८. आता सिअॅटलकडे राहते, नंबर तोच. इथे मुलांच्या शाळेत नंबर लिहून दिला की सेक्रेटरी हमखास वर बघते, ओक्लाहोमा? अमेरिकेत मला कोणी तुम्ही मूळच्या ओक्लाहोमाच्या का असं विचारेल असं आईला सांगितलं तर ती हसून हसून पडेल.

आणि ह्याचा एक मस्त फायदा कोणी लिहिला नाही. स्पॅमवाले आपल्याच एरिया कोडचा खोटा नंबर दाखवून फोन करतात, म्हणजे माणसाला वाटावं शेजारपाजारचं कोणीतरी आहे. माझ्या ओळखीचं तल्सात आता कुणीही उरलेलं नाही. त्यामुळे ९१८ वरून फोन आला की डोळे झाकून कट. नवरा इथल्या ४२५ वर आहे, तो बिचारा प्रत्येक वेळी डेंटिस्ट असेल म्हणून उचलतो.

रानमेवा
हा खरा उपयोग!! नंबर बदलायचा विचार रद्द केला आहे.

चुरमुरे
मिलवॉकीच्या ४१४ वरून आठवलं, १९८३ मध्ये तिथल्या पोरांच्या टोळक्याने लॉस अॅलामॉसच्या अण्वस्त्रांच्या लॅबसकट कितीतरी कॉम्प्युटरमध्ये शिरकाव केला होता आणि स्वतःचं नाव ठेवलं होतं ‘४१४ज’, म्हणजे ४१४ वाले. घरच्या एरिया कोडचं नाव ठेवून चोरी करणं म्हणजे पोलिसांना पत्ता देऊन ठेवण्यासारखं आहे, पण गावाचा अभिमान बघा.

डाउनटाउन_देशपांडे
मुद्दाम मागून घेतलेले कोड पण आहेत. फ्लोरिडात केप कॅनव्हेरलच्या भागाला १९९९ मध्ये ३२१ दिला, रॉकेट सुटतानाची उलटी मोजणी. आणि टेनेसीत नॉक्सविलला ८६५, फोनच्या बटणांवर ते व्ही-ओ-एल येतं, तिथल्या युनिव्हर्सिटीची टीम व्हॉलंटिअर्स म्हणून.

फ्रीमाँटचा_फणस
आणि आकड्यांविरुद्ध मोर्चा काढणारे पण आमचेच. एकेकाळी एक्स्चेंजला नावं असायची, न्यूयॉर्कला मरे हिल, आमच्याकडे क्लोंडाइक, नावातली पहिली दोन अक्षरं डायल करायची. कंपनीने ती काढून नुसते आकडे आणले तेव्हा १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँटी डिजिट डायलिंग लीग स्थापन झाली होती, माणसाचा आकडा करताय म्हणून. आता त्याच शहरात लोक आकडा गोंदवून घेतात.

क्वीन्सची_मावशी
मरे हिल! आमच्या शेजारच्या इटालियन आजी शेवटपर्यंत नंबर तसाच सांगायच्या, आधी नाव मग आकडे. नवीन माणूस गोंधळून जायचा.

माऊताई
न्यू जर्सीतल्या एडिसनचं कोणी लिहीना म्हणून विचारते, एवढी मराठी माणसं तिथे, ७३२ चे शर्ट कोणी घालतं का?

तारयंत्र
एडिसनच्या जुन्या लोकांनी जागा न सोडता तीन कोड पाहिलेत, आधी २०१, १९९१ पासून ९०८, आणि १९९७ पासून ७३२. वर २००१ पासून ८४८ चा ओव्हरले. कशाचा शर्ट शिवणार.

एडिसनचा_बाळू
शर्ट नाही पण ओक ट्री रोडवर एका दुकानाच्या पाटीवर अजून ९०८ आहे, मालकाला विचारलं तर म्हणाला फोन करतंय कोण, सगळे व्हॉट्सअॅपवरच ऑर्डर देतात.